ट्रेकला नेण्यासारखा स्वस्त रेडिओ: बँड मोजू नका, आतली कांडी आणि सेल बघा

प्रश्न असा आला आहे: महिन्यातून एकदोनदा सह्याद्रीत मुक्कामी ट्रेक होतो, गडावर मोबाईलला रेंज नसते. आजोबांकडच्या रेडिओची आठवण आहे आणि लांबची स्टेशनं पकडायचा छंदही लावून घ्यायचा आहे. बजेट दोन ते तीन हजार. बाजारात बारा बँडचे, हँडल फिरवून चार्ज होणारे, सोलरवाले असे ढीगभर रेडिओ दिसतात, त्यातला कोणता घ्यावा?

मी पंचवीसेक वर्षं रेडिओ दुरुस्त करतो, आणि त्याहून जास्त वर्षं रात्री जागून ऐकतो. त्यामुळे आधी उत्तर देतो, कारणं मागून. नामांकित कंपनीचा, दोन किंवा तीन बँडचा (म्हणजे एफएम, मीडियम वेव्ह आणि तिसरा शॉर्टवेव्ह असे लहरींचे पट्टे), काट्याचा आणि सुट्या सेलवर चालणारा साधा रेडिओ घ्या. उरलेल्या पैशांत सात-आठ मीटर वायर, एक बरा इयरफोन आणि सेलचा जास्तीचा जोड घ्या. सहा महिन्यांनी छंद टिकून असेल तर आकडे दाखवणारा डिजिटल घ्या, त्याबद्दल पुढे लिहितो. बारा बँडवाल्याच्या वाटेला जाऊ नका.

का, ते सांगतो. गेल्या पावसाळ्यात एक मुलगा असाच एक नवा कोरा रेडिओ घेऊन आला. तक्रार अशी की घरी मीडियम वेव्हवर काहीच लागत नाही. मागचे चार स्क्रू काढले. समोरून दोन स्पीकरच्या जाळ्या दिसत होत्या, आत स्पीकर एकच. दुसऱ्या जाळीमागे रिकामं प्लॅस्टिक. आणि मीडियम वेव्हची फेराइटची कांडी माझ्या करंगळीपेक्षा आखूड, तिच्यावर केसासारख्या तारेचे मोजके फेरे, मेणाच्या एका थेंबावर चिकटवलेली. त्या रेडिओत बिघाड नव्हताच. तो तेवढाच होता. मला त्या मुलाकडून एक रुपयाही घ्यावासा वाटला नाही, पण त्याला रेडिओही दुरुस्त करून देता आला नाही, ही रुखरुख राहिली.

मीडियम वेव्हचा एरियल म्हणजे ही आतली कांडी. बाहेरची दांडी ओढून लांब केली तरी मीडियम वेव्हला तिचा उपयोग नाही, ती एफएम आणि शॉर्टवेव्हसाठी. कांडी जितकी लांब आणि जाड, तितका लहरीतला जास्त भाग ती गोळा करते. म्हणून खिशात मावणाऱ्या रेडिओपेक्षा वीतभर रुंदीचा, थोडा बोजड रेडिओ मीडियम वेव्हला जवळजवळ नेहमीच सरस ठरतो. आणि 'बारा बँड' म्हणजे बहुतेक वेळा एफएम, मीडियम वेव्ह आणि एकाच शॉर्टवेव्हचे दहा तुकडे. त्या तुकड्यांनी डायल फिरवायला सोपी जाते, एवढंच. रेडिओचा कान त्याने जास्त तिखट होत नाही.

दुकानात रेडिओ उघडून बघता येत नाही, तेव्हा एक परीक्षा करा. दिवसाढवळ्या जा. दुकानातल्या एलईडी दिव्यांपासून लांब, दाराबाहेर उभे राहा आणि आपल्या गावचं नव्हे, शेजारच्या शहराचं स्टेशन मीडियम वेव्हवर लावून बघा. पुण्यात असाल तर ५५८ किलोहर्ट्झवर मुंबई, मुंबईत असाल तर ७९२ वर पुणे. दोनतीन रेडिओ शेजारी ठेवून हे केलंत तर फरक कानाला लगेच कळतो. गावचं स्टेशन तर कुठलाही डबा पकडतो.

आता गडावरचं. शहरात मीडियम वेव्हवर जी अखंड खरखर असते, ती रेडिओची नसते. मोबाईलचे चार्जर, एलईडी बल्ब, इन्व्हर्टर, लिफ्ट, टीव्हीचा डबा हे सगळे मिळून ती करतात. डोंगरावर यातलं काही नसतं. म्हणून ज्या रेडिओला घरी तुम्ही नावं ठेवता तोच हरिश्चंद्रगडावर निराळा वाटतो. एका डिसेंबरात आम्ही कोकणकड्याच्या अलीकडे तंबू टाकले होते. जेवणं झाली, चूल विझली, आणि मी जुना तीन बँडचा रेडिओ मांडीवर घेतला. सूर्य मावळल्यावर वातावरणाचा खालचा, लहरी गिळणारा थर विरतो आणि मीडियम वेव्ह वरच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटरवर उतरतात. दिवसा दोन-तीन केंद्रं असतात तिथे रात्री दाटी होते. त्या रात्रीची माझी वही सांगते: ६१२ ला बंगळूर, ७३८ ला हैदराबाद, ७६५ ला धारवाड, ८१० ला राजकोट. शेजारी झोपलेल्या मित्राला काहीही त्रास न होता, इयरफोनवर, दीड तासात.

तिथेच एक गोष्ट त्या मित्राच्या मुलीला दाखवली होती, ती तुम्हीही करून बघा. हरिश्चंद्रगडापासून मुंबई आणि पुणे सरळ रेषेत साधारण सारख्याच अंतरावर, शंभरेक किलोमीटर. पण मुंबई पश्चिमेला, पुणे दक्षिणेला. कांडी रेडिओच्या लांबीत आडवी बसवलेली असते. तिचं टोक, म्हणजे रेडिओची बाजू, स्टेशनाकडे केली की ते स्टेशन बुडतं. रेडिओचं तोंड किंवा पाठ तिकडे केली की ते वर येतं. तिने ५५८ वर मुंबई लावली, रेडिओ तळहातावर ठेवून हळूहळू फिरवला, आणि एका जागी निवेदकाचा आवाज विहिरीत गेल्यासारखा खाली गेला. आणखी थोडा फिरवला, परत आला. "मुंबई त्या बाजूला आहे," ती अंधारात बोट दाखवून म्हणाली. होकायंत्राने पडताळलं, बरोबर होती. रात्री एकाच जागी दोन केंद्रं एकमेकांत मिसळतात तेव्हा नको असलेलं असंच बुडवायचं. घरात चार्जरची खरखरही याच युक्तीने कमी होते.

एफएमचं शास्त्र वेगळं. त्या लहरी जवळपास दृष्टीच्या रेषेत जातात, त्यामुळे उंची हाच एरियल. चौदाशे मीटरवरून रेडिओचं क्षितिज दीडशे किलोमीटरच्या आसपास जातं, म्हणून कड्यावर मुंबईची एफएम केंद्रं ऐकू येतात आणि मागे येऊन गुहेत शिरलात की सगळं गप्प. दांडी पाऊण मीटरच्या आसपास ओढली की पुरे, एफएमला तेवढीच लांबी जुळते. फार जवळ तगडा प्रक्षेपक असेल तर उलट दांडी आखूड करा, नाहीतर तेच स्टेशन डायलभर पसरतं.

सेलबद्दल मी जरा आग्रही आहे. ट्रेकच्या रेडिओला सुटे सेल हवेत. मोठे टॉर्चचे सेल किंवा पेन्सिल सेल पायथ्याच्या गावात किराणा दुकानात मिळतात. साधा रेडिओ इयरफोनवर किंवा हळू आवाजात वीस ते पन्नास मिलिअँपिअर इतकाच करंट खातो. दोन हजार मिलिअँपिअर-तासाचे पेन्सिल सेल चाळीस-पन्नास तास सहज जातात. म्हणजे दोन दिवसांच्या मुक्कामाला तीच जोडी चार-पाच वेळा पुरेल. आतल्या चार्जिंग बॅटरीचे रेडिओ घरी ठीक, पण ती बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते आणि स्वस्त रेडिओत ती बोर्डाला सोल्डर केलेली असते. शिवाय पॉवरबँक लावून रेडिओ ऐकाल तर पॉवरबँकेतलं सर्किट मीडियम वेव्हवर शिट्टी वाजवतं. चार्ज आधी करून घ्या, ऐकताना वायर काढा. १.२ व्होल्टचे रिचार्जेबल पेन्सिल सेल बहुतेक रेडिओंत चालतात, आवाज किंचित कमी येतो.

आणि घरी आल्यावर सेल काढून ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या रेडिओंत अर्ध्यांचं दुखणं सेल फुटून गंजलेल्या पट्ट्या हेच असतं. अल्कलाइन सेलची पांढरी बुरशी बसली असेल तर कानकाडीवर व्हिनेगरचा थेंब घेऊन ती विरघळवा, मग स्पिरिटने पुसा आणि पट्टी वाळू द्या. ब्लेडने खरवडू नका. वरचा निकेलचा मुलामा गेला की पुढच्या पावसाळ्यात तीच पट्टी पुन्हा गंजते.

हँडल फिरवायचे आणि सोलरचे 'आपत्कालीन' रेडिओ बरेच जण नेतात, म्हणून त्यांच्याबद्दल. हँडलची कल्पना चांगली आहे, पण मिनिटभर फिरवून थोडाच वेळ रेडिओ चालतो आणि आतली छोटी बॅटरी मेली की हँडलचाही उपयोग राहत नाही. वरची तळहाताएवढी सोलर पट्टी चार्ज टिकवायला मदत करते, भरायला नाही. अमेरिकेतून पाहुणे आणतात त्या रेडिओंवर 'वेदर बँड' लिहिलेला असतो. १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झवरची ती हवामान केंद्रं अमेरिका-कॅनडात आहेत, तिथे कॅम्पिंगला जाणाऱ्या मराठी मंडळींनी तो जरूर घ्यावा, खरोखर कामाचा आहे. आपल्याकडे त्या बटणावर शांतता ऐकू येते. तशीच काळजी अमेरिकेतल्या इतर रेडिओंची: त्यांच्या मीडियम वेव्हच्या पायऱ्या १० किलोहर्ट्झच्या, आपल्या ९ च्या. आकड्यांचा रेडिओ १० वर अडकलेला असेल तर १०४४ चं स्टेशन नीट लागणार नाही, १०४० किंवा १०५० वर थांबेल आणि आवाज बसका येईल. काट्याच्या रेडिओला ही अडचण नाही. जपानचे जुने रेडिओ एफएमवर ७६ ते ९० मेगाहर्ट्झच पकडतात, म्हणजे पुण्याचं १०१ त्यांच्या डायलबाहेर. भेट म्हणून मिळाला तरी आधी डायल बघा.

मीडियम वेव्हवर आणखी एक. आकाशवाणीचे काही प्रक्षेपक आता डिजिटल, डीआरएम पद्धतीनेही चालतात. साध्या रेडिओवर ते एकसुरी, जोराच्या 'श्श्श' सारखे ऐकू येतात, लांबून धबधबा ऐकावा तसे. डायलवर ठरावीक जागी असा आवाज आला तर रेडिओ बिघडलेला नाही.

शॉर्टवेव्ह हवा का? छंद लावायचा असेल तर हवाच. पण काय मिळेल ते आधीच सांगतो. तुमच्या आजोबांच्या काळातली गर्दी तिथे आता नाही. १९५२ पासून ज्या रेडिओ सिलोनवर अमीन सायानींचा आवाज घराघरात यायचा, ते दिवस गेले. बीबीसीची हिंदी शॉर्टवेव्ह सेवा ३१ जानेवारी २०२० ला संपली, तो शेवटचा कार्यक्रम मी दुकान बंद करून ऐकला होता. ऑस्ट्रेलियाने २०१७ च्या जानेवारीतच शॉर्टवेव्ह सोडली. तरीही चीन, रोमानिया, न्यूझीलंडची केंद्रं आहेत, आणि केंद्रं कमी झाल्याने अशक्त केंद्रं ऐकायला जागा झाली आहे. दिवसा १९ आणि १६ मीटरचे पट्टे, संध्याकाळपासून ३१ आणि २५, रात्री ४१ आणि ४९ मीटर. दिवसा वरच्या कंप्रतेवर (म्हणजे फ्रिक्वेन्सीवर; मीटरचा आकडा जितका लहान तितकी ती वरची), रात्री खालच्या. एवढं लक्षात ठेवलंत तर अर्धा छंद आला.

काट्याच्या स्वस्त रेडिओत शॉर्टवेव्हवर एकच स्टेशन दोन ठिकाणी लागतं. ९५०० किलोहर्ट्झचं जोरदार स्टेशन ८५९० वरही येतं. बरोबर ९१० चा फरक, कारण आतली मधली कंप्रता, म्हणजे रेडिओ प्रत्येक स्टेशन आत ज्या एका ठरावीक कंप्रतेवर आणतो ती, ४५५ असते आणि त्याची दुप्पट ९१०. नवशिके वहीत दोन केंद्रं लिहितात. डायलवर केंद्रं नसायला हवीत अशा जागी काही ऐकू आलं, तर ९१० मिळवून वर बघा.

आता पुढची पायरी. छंद टिकला तर बजेट वाढवावं लागेल, कारण खरे छंदाचे डिजिटल रेडिओ तीन हजारांत सहसा बसत नाहीत. टेकसनचा पीएल-३१०ईटी मला सुरुवातीला सगळ्यात रास्त वाटतो. तीन पेन्सिल सेलवर चालतो, पायऱ्या ९ किंवा १० निवडता येतात, बाहेरचा एरियल लावायला भोक आहे, आणि एका बटणावर मिळतील ती सगळी स्टेशनं शोधून ठेवतो. टेकसनचाच पीएल-३३० लहान आणि त्यात एसएसबी आहे. त्यात जुन्या नोकियाच्या फोनमधली बीएल-५सी बॅटरी बसते, ती कुठल्याही मोबाईलच्या दुकानात मिळते, म्हणून चार्जिंगचा असूनही मी त्याला माफ करतो. एक्सएचडेटाचा डी-८०८ थोडा मोठा, आवाज भरीव, १८६५० चा लिथियम सेल. एसएसबी म्हणजे काय, तर हॅम, म्हणजे स्वतः प्रक्षेपण करणारी हौशी रेडिओ मंडळी, ७००० ते ७२०० किलोहर्ट्झमध्ये सकाळी गप्पा मारतात त्या साध्या रेडिओवर बदकाच्या बोलण्यासारख्या येतात, एसएसबी असेल तर स्वच्छ. ते ऐकायची ओढ नसेल तर त्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

या डिजिटल रेडिओंत बहुधा सिलिकॉन लॅब्जची एकच चिप सगळं काम करते. स्टेशन सरकत नाही, दोनदा लागत नाही. पण अशक्त स्टेशन आलं की ती आवाज आपोआप दाबते, त्यामुळे खरखरीतून ऐकायची सवय असलेल्या कानाला तिचा राग येतो. हीच चिप काट्याच्या डायलआड लपवलेले स्वस्त रेडिओही मिळतात. डायल फिरवताना आवाज सलग न जाता टप्प्याटप्प्याने उड्या मारत असेल तर तो तसला. वाईट नसतात, पण काट्याचा म्हणून घेऊ नका.

वायर कशी लावायची: सात-आठ मीटर बारीक, वेष्टणाची, बहुतारी वायर. एका टोकाला मगरचिमटा, तो दांडीला लावा. दुसरं टोक सुतळीने झाडाला बांधा. शॉर्टवेव्हला लगेच फरक पडेल. रात्री स्टेशनं एकमेकांवर चढू लागली तर वायर अर्धी गुंडाळा.

आणि मे किंवा ऑक्टोबरात ही वायर लावली असेल तर कान उघडे ठेवा. मीडियम वेव्हवर रिकाम्या जागी रेडिओ ठेवला की लांबच्या विजेची 'कड्' ऐकू येते, ढग दिसायच्या कितीतरी आधी. ती कडकड वाढत गेली, दोन 'कड्'मधली शांतता कमी झाली की वायर ताबडतोब काढायची, माथा सोडायचा. एका मे महिन्यात आम्ही अशाच कडकडीवरून तंबू गुंडाळून खालच्या वाडीत उतरलो. तासाभराने माथ्यावर वीज कोसळताना ओसरीतून बघितली. ट्रेकला साधा रेडिओ न्याच, असं मी कळकळीने सांगतो ते मुख्यतः यासाठी.

मीडियम वेव्हसाठी घरी करण्यासारखी चीज म्हणजे चौकटीचा एरियल. साठ सेंटिमीटरची लाकडी चौकट, तिच्यावर साध्या वायरचे बारा फेरे, फेऱ्यांत थोडं अंतर, आणि दोन टोकांना जुन्या रेडिओतली पाचशे पिकोफॅरडची गँग, म्हणजे स्टेशन लावायला फिरवतात तो कंडेन्सर. रेडिओला काही जोडायचं नाही. चौकट रेडिओच्या शेजारी, कांडीला समांतर फेरे येतील अशी नव्हे, तर कांडी चौकटीच्या आरपार जाईल अशा दिशेने ठेवायची, गँग फिरवायची, आणि एका बिंदूवर दबलेलं स्टेशन उसळून वर येतं. डायलच्या वरच्या टोकाला पोचत नसेल तर एक फेरा कमी करा. गँग मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचारा. नाहीच मिळाली तर भंगारातला एखादा मेलेला रेडिओ घ्या.

जुना रेडिओ घ्यायचा असेल तर पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार बघण्यासारखा आहे. खिशात सेल घेऊन जा. आधी सेलची पेटी उघडून गंज बघा, मग आवाजाचं बटण आणि बँडचा खटका दोन्ही फिरवा. फिरवताना खरखरणं चालेल, ते साफ होतं. पण मीडियम वेव्ह पूर्ण मेला असेल तर कांडीची तार तुटलेली असते, आणि ती केसासारखी तार जोडायला आता फारसं कोणी बसत नाही. इयरफोन लावून दोन्ही कानांत आवाज येतो का तेही बघा. जुन्या रेडिओंत भोक मोनोचं असतं, आजचा इयरफोन एकाच कानात वाजतो. वीस-तीस रुपयांच्या जोडणीने ते सुटतं.

इयरफोन मात्र न्याच. हरिश्चंद्रगड, कळसूबाई, रतनगड हा सगळा अभयारण्याचा भाग आहे. रात्री तिथे स्पीकर लावायचा नाही.

पहिल्या मुक्कामाला फार काही ठरवू नका. सूर्यास्तापासून तासभर ५३१ ते १६०२ अशी एकच सफर हळू हळू करा. जे लागेल त्याची वहीत एक ओळ: तारीख, वेळ, कंप्रता, भाषा, काय चालू होतं, किती स्पष्ट. वेळ भारतीय लिहा, बाजूला साडेपाच तास वजा करून जागतिक वेळ. पुढे परदेशी केंद्राला ऐकल्याचा अहवाल पाठवायचा झाला तर हीच ओळ लागते. त्यावर बरीच केंद्रं अजूनही छापील पोचकार्ड पाठवतात, आकाशवाणीही देते. माझ्या पहिल्या पोचकार्डावर अडीच महिन्यांनी पोस्टमनने सही घेतली होती. ते कार्ड अजून दुकानात काचेखाली आहे.